गोळा नाही तर गाडी नाही

दौंड जंक्शनवर गाडी लेट झाली की दोनच गोष्टी व्हायच्या : चहा उकळायचा आणि किस्से निघायचे. आणि गाड्यांनी लेट होण्यात कधी कसूर केली नाही, तेव्हा किस्से किती साठले असतील याचा अंदाज तुम्हीच करा!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दसरा सरला, रस्ते वाळले, की आम्ही रेल्वेतले पाच जण सुट्टी जुळवून एस.टी.नं शिरूरला जायचो. जुनी पेठ पायी बघायला! पण रेल्वेचा माणूस साधा चालेल तर शप्पथ. सगळ्यात पुढं पवार ड्रायव्हर. सगळ्यात मागं शिंदेमामा गार्ड, तोंडात शिट्टी, काखेत दोन झेंडे. मधे डब्यांसारखे तिघं : सिग्नलच्या केबिनवाला जगन्नाथ, मी आणि बुकिंगचे शेखभाई. मामांनी हिरवा दाखवल्याशिवाय पाऊल हलायचं नाही.

यातला जगन्नाथ बत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा. सात मुली बघून झाल्या होत्या. मुलगी समोर आली की याची दातखीळ बसायची. सातवीला कसंबसं विचारलं, तर काय? "तुमच्या गावाला पॅसेंजर थांबते का?"

आईनं निर्वाणीचं सांगितलं, "आता शेवटचं एक ठिकाण बघंन. तिथं बी मुका बसलास, तर मी हात टेकले!"

*

एकदा पेठेत म्हैस आडवी. शेपूट वर करून निवांत उभी. पवारनं ब्रेक मारला.

दुकानदार म्हणाला, "अवो, बाजूनं जावा की!"

"सिग्नल पडला न्हाई," वर झालेल्या शेपटीकडं बोट दाखवत पवार म्हणाला.

म्हशीचं उरकलं, शेपूट खाली आली. तेव्हा कुठं मामांनी हिरवा दाखवला. दुकानदार त्यानंतर आम्हाला बघितलं की फळी लावून घ्यायचा.

*

गावाबाहेर गोऱ्यांची जुनी थडगी आहेत. शेखभाईंना इंग्रजी यायचं. एका दगडापुढं बसून त्यांनी वाचलं, "बिचारा सत्ताविसाव्या वर्षी तापानं गेला. पलटणीत होता."

पवारनं टोपी काढली. "म्हंजी ड्युटीवर गेला?"

"ड्युटीवरच."

"मग घरच्यांना यायला पास मिळाला का?"

आम्ही हसू दाबत होतो, तेवढ्यात जगन्नाथ हळूच म्हणाला, "सत्तावीसचा होता, तरी दगडावर बायकोचं नाव हाय." मग कुणी हसलं नाही.

*

आता गोळ्याचं सांगतो. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला लोखंडी गोळा देतात. गोळा हातात नसेल तर गाडी हलत नाही. पेठेत एक गल्ली इतकी अरुंद, की मामांनी तिला एकेरी लाईन जाहीर केलं! सुताराकडून लाकडी गोळा करून घेतला, लाल रंग दिला. तो ज्याच्या हातात, तोच गल्लीत.

एक दिवस समोरून एक म्हातारी आली, डोक्यावर धुण्याची पाटी.

मामांनी लाल झेंडा धरला. "मावशी, गोळा हाय का?"

"गोळा? तुमच्या टाळक्यात घालायला व्हय? सरका!"

वर खिडकीत एक मुलगी खळखळून हसली. जगन्नाथ जागीच थांबला. मी त्याच्यावर आदळलो, शेखभाई माझ्यावर.

शेखभाईंनी चौकशी काढली. मुलगी सुमन, बालवाडीत शिकवते, वडील रिटायर्ड मास्तर. जगन्नाथच्या आईकडून निरोप गेला. मास्तरांचा उलटा निरोप आला : "रविवारी मुलाला पाठवा. सुमन बोलेल त्याच्याशी, आणि काय ते तीच सांगेल."

बोलेल! आमच्या पोटात गोळाच आला.

*

रविवारी मामांनी जगन्नाथच्या हातात गोळा दिला. "घेऊन जा, घेऊन ये. तू आल्यावर आम्ही आत जाऊ." हिरवा दाखवला.

पाऊण तास गेला. जगन्नाथ बाहेर आला, शर्ट घामानं चिंब.

"बोललास का?" पवारनं विचारलं.

"बोललो."

"काय?"

"एका रुळावर दोन सिग्नल एकदम का पडत न्हाईत, ते."

"पाऊण तास?"

"निम्मंच झालं."

शेखभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! आठवीबी गेली!"

मामांची काळजी वेगळीच. "आन् गोळा कुठं हाय?"

जगन्नाथनं आपले रिकामे हात बघितले. तेवढ्यात गल्लीतून सुमन आली, हातात लाल गोळा. मामांनी घ्यायला हात पुढं केला. तिनं गोळा पदराआड घेतला.

"हा इथंच राहू दे, मामा. पुढच्या रविवारी यांनी यावं न्यायला. एकट्यानं. सिग्नलचं निम्मं राहिलंय."

मामांनी तिच्याकडं बघितलं, जगन्नाथकडं बघितलं, आणि अशी शिट्टी फुंकली की पेठेतली कबुतरं उडाली.

"गोळा न्हाई तर गाडी न्हाई! पवार, गाडी मागं घ्या!"

आणि आम्ही पाचही जण उलट पावली निघालो, पाय स्टँडकडं आणि तोंडं गल्लीकडं. जगन्नाथची काही तक्रार नव्हती.