हिराबाईंचा रिपोर्ट आणि बेचाळीस शुभेच्छा

"मॅडम, मेल गेलाय. हे बघा, सेंटमध्ये दिसतोय." हॉस्पिटलचे मॅनेजर संभाजीराव यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"गेलाय. पोचलेला नाही," मी म्हणाले.

मी मंचरला राहते आणि आंबेगाव-जुन्नरमधल्या लहान संस्थांची ईमेल व्यवस्था बघते. आळेफाट्याजवळच्या या हॉस्पिटलने मला तातडीने बोलावलं होतं, ते समोरच्या बाकड्यावर बसलेल्या हिराबाईंसाठी. त्या पिंपळवंडीच्या. छातीतल्या गाठीच्या तपासणीत कॅन्सर निघाला होता, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टरबाई ऑपरेशन लवकर करा म्हणत होत्या. हिराबाईंचं एकच, पोराला विचारल्याशिवाय नाही.

पोरगा, विलास, मालवाहू जहाजावर. समुद्रात त्याचा फोन लागत नाही, कंपनीचा ईमेल तेवढा चालतो. म्हणून हॉस्पिटलने रिपोर्ट त्याला मेल केला. दोनदा. बारा दिवस झाले, उत्तर नाही.

"वाचून बी गप बसला आसंल," हिराबाई मला म्हणाल्या. "त्याला नको आसंल तर ऱ्हाऊ द्या ते आपरेशन. माझं काय आता."

मी वहीत क्रम लावला. आधी हिराबाई, मग सर्व्हर.

त्यांना विचारून माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून विलासला तीन ओळी पाठवल्या. रिपोर्ट जोडला नाही. तो पाठवणं माझं काम नाही, आणि अनोळखी माणसाने जोडलेल्या फाइलकडे सर्व्हर संशयानेच बघतो. लिहिलं, 'आईच्या तपासणीचा रिपोर्ट हॉस्पिटलने तुम्हाला पाठवला होता. मिळाला का? ऑपरेशन करायचं की नाही, यासाठी त्या तुमच्या उत्तराची वाट बघत थांबल्या आहेत.'

मग हॉस्पिटलच्या पत्त्यावरून माझ्याच चार वेगवेगळ्या खात्यांवर मेल पाठवून बघितला. तीन ठिकाणी तो स्पॅममध्ये पडला. म्हणजे हॉस्पिटलच्या डोमेनचं रेप्युटेशन गेलं होतं. डोमेन म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, घराण्याच्या आडनावासारखं. त्या नावाने येणारे मेल लोक उघडतात की स्पॅम म्हणून फेकतात, याची नोंद मोठे सर्व्हर ठेवतात. नाव खराब झालं की महत्त्वाचं पत्रही दाराबाहेर राहतं.

"संक्रांतीला काय पाठवलं होतं?" मी विचारलं. डोमेनच्या नोंदीत घसरण तेव्हापासूनची दिसत होती.

"शुभेच्छा. डॉक्टरबाईंच्या फोटोसकट."

"कुणाला?"

"सगळ्या पेशंटना. आपली माणसं हायेत मॅडम, कुणाला वगळायचं?"

मी यादी उघडली. बरेच पत्ते बंद पडलेले. आणि एकच पत्ता बेचाळीस नावांपुढे. तो पिंपरी पेंढारच्या दत्ताभाऊंचा, त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गावात ज्याचा ईमेल नाही तो बिनधास्त त्यांचा पत्ता देतो. मी फोन लावला.

"ताई, एका सकाळी बेचाळीस वेळा तिळगूळ आलं," दत्ताभाऊ म्हणाले. "लई ग्वाड झालं. सगळे निवडले आन् स्पॅम दाबलं."

"त्यात पेशंटचे रिपोर्टही येतात हो."

"आरं देवा! आता काय करू? काढू का त्यातनं?"

"काढा. सगळे."

त्यांनी फोनवर असतानाच काढले. पण अशी दुकानं गावोगाव होती आणि बहुतेकांनी तेच केलं असणार.

संभाजीराव खाली मान घालून बसले होते. "माझ्यामुळं झालं," ते पुटपुटले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. विलासचं उत्तर. मी हिराबाईंच्या शेजारी बसून वाचलं. 'मला काहीच मिळालेलं नाही. रोज दोन वेळा मेल बघतो. मेल नाही म्हणजे आई बरी असेल असं धरून चाललो होतो. ऑपरेशन लागणार असेल तर लगेच करा. आईला म्हणावं, मी येतोय.'

हिराबाईंनी पदराने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"रोज बघतो म्हनला?"

"रोज. दोन वेळा."

"परत एकदा वाचा."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा संभाजीरावांनी वाचलं. मग त्या उठल्या आणि डॉक्टरबाईंच्या खोलीकडे गेल्या.

उरलेलं काम कंटाळवाणं होतं. रिपोर्टसाठी एक सबडोमेन केलं, शुभेच्छांसाठी दुसरं. सबडोमेन म्हणजे त्याच आडनावाची वेगळी चूल. एकीकडे करपलं तर दुसरीकडे वास कमी जातो. अजिबात जात नाही असं नाही, म्हणून यादीही साफ केली. नवीन पत्त्यावरून पहिल्या दिवशी मोजकेच मेल, मग हळूहळू वाढवत नेले. याला वॉर्म-अप म्हणतात. नवख्या सुनेने पहिल्याच दिवशी सगळ्या गावाला जेवायला बोलवू नये, असं संभाजीरावांना सांगितलं तेव्हा त्यांना पटलं. महिन्याभरात मेल नीट पोचू लागले.

हिराबाईंचं ऑपरेशन पुण्यात झालं, गाठ पूर्ण निघाली. विलास तिसऱ्या आठवड्यात आला. त्याच्या हातचा चहा लई पातळ असतो, ही त्यांची सध्याची तक्रार.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर आम्ही एक ओळ वाढवली आहे. स्वतःचा ईमेल नसेल तर रकाना रिकामा ठेवा. रकाना रिकामा दिसला की कुणीतरी फोन उचलून पेशंटशी बोलतं.