हागारची पुढची गोष्ट

गेल्या महिन्यात बेळगावच्या कोर्टात उलटतपासणी आटोपून बाहेर आलो, तर निपाणीचा एक पक्षकार पायरीवर उभा होता. "वकीलसाहेब, तुमचे दाऊद मास्तर गेले की... परवा सकाळी," तो म्हणाला. पुढची तारीख मागायची होती, तीही मी विसरलो.

दाऊद आणि मी शाळेत एका बाकावरचे. मी वकील झालो, तो निपाणीच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेशक झाला. तरुणपणी त्याच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. बाजाराच्या दिवशी चौकात उभा राहायचा, आणि कुणी काहीही विचारलं की शास्त्रातलं वचन अध्यायासकट पुढं करायचा. मला हे फार आवडे. आमच्या धंद्यातही पुरावाच बोलतो. "तू चुकून मिशनमध्ये गेलास, वकिली करायची होतीस," असं मी म्हणे आणि तो मनापासून खूश होई.

तो बदलला सुंदराच्या प्रकरणात. सुंदरा त्याच्याच मंडळीतली, विड्या वळणारी. नवरा दारू पिऊन मारायचा. एका संध्याकाळी कपाळ फुटलेली ती दाऊदच्या दारात आली, आणि त्याच्या बायकोनं, मार्थाक्कानं, तिला आत घेतलं. नवऱ्यानं मंडळीकडं तक्रार केली. मंडळीचे पंच याकोबअण्णा. माणूस सरळ, पण कडक. सुंदरानं घरी परतावं, नाहीतर तिला मंडळीबाहेर काढावं, असं त्यांचं मत. मी नेमका तेव्हा दाऊदकडं उतरलो होतो, म्हणून बैठकीत मागं जाऊन बसलो.

याकोबअण्णांनी शास्त्र उघडलं. अब्राहामाच्या घरची दासी हागार मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळाली, तेव्हा देवदूतानंच तिला परत जायला सांगितलं, हे त्यांनी वाचून दाखवलं. "आता बोल दाऊद. हे वचन हाय का न्हाय?"

"हाय, अण्णा."

मला वाटलं, आता याच्यावर दुसरं वचन येणार. पण तो सुंदराकडं बघत राहिला, आणि मग हागारची पुढची गोष्ट सांगू लागला. ती परत गेली, तिला मुलगा झाला, वर्षं लोटली, आणि त्याच घरानं तिला मुलासकट बाहेर काढलं. रानात पाणी संपलं. पोराचं मरण बघवेना म्हणून ती लांब जाऊन बसली, रडली... "आणि तवा देवानं तिला परत जा म्हटलं न्हाय, अण्णा. तिला विहीर दाखवली. तिथनं म्होरं चला. मिसर देशात राबणाऱ्या गुलामांपर्यंत या, क्रुसापर्यंत या. रडणाऱ्याला सोडवायला येणारा देव हाय ह्यो. तुमची ओळ खरी हाय. पण ती ह्या सगळ्या गोष्टीतली ओळ हाय."

"गोष्टीचा अर्थ कुणीबी कसाबी लावंल," याकोबअण्णा म्हणाले. "मग धरायचं कशाला? वचनालाच न्हवं?"

प्रश्न पोकळ नव्हता. घरी परतताना मीही दाऊदला तोच विचारला. "अण्णांचं भय खरं हाय," तो म्हणाला. "गोष्ट मोकळी सोडली तर माणूस ती आपल्या सोयीची करून घेतो. वचनं तिला धरून ठेवत्यात. पण सगळी धरायची रं... एकच न्हवं."

सुंदराला मंडळीबाहेर काढलं. तिला आसरा दिला म्हणून दाऊदचं उपदेशकाचं कामही गेलं. मग त्यानं घराच्या पुढच्या सोप्यात विड्या वळणाऱ्या बायकांना अक्षरं शिकवायला घेतली. सुंदरा तिथंच वाचायला शिकली. याकोबअण्णा कैक वर्षं त्या दारावरून मान फिरवून जात. दाऊद अंथरुणाला खिळला तेव्हा मात्र ते शास्त्र काखेत मारून आले. "मला तुझं अजून पटल्यालं न्हाय," दारातूनच म्हणाले. "मग बसा की," दाऊद म्हणाला. तेव्हापासून रोज दुपारी दोघं वाद घालत बसत, असं मार्थाक्का सांगत होती.

परवा कुठं मला निपाणीला जाता आलं. सोप्यात याकोबअण्णा बसलेले, मांडीवर शास्त्र उघडं. समोरची खाट रिकामी. भिंतीशी सुंदरा सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळत होती.

"एक मुद्दा सापडलाय, वकीलसाहेब," याकोबअण्णा म्हणाले. "पण आता सांगू कुणाला?"

सुंदरानं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि त्यांच्यापुढं येऊन बसली.

"मला सांगा की, अण्णा. कुठला अध्याय?"