मावशींची डबी

पडेगावच्या नव्या वसाहतीतल्या एक मावशी आमच्या लॅबमध्ये यायच्या. शरीर स्वतःच्याच लाळेच्या ग्रंथी सुकवतं, असा दुर्मीळ आजार त्यांना असावा. लाळेतल्या प्रथिनांवरून तो ओळखता येतो का, हे डॉक्टर पाहत होते. मावशी दोन शब्द बोलायच्या, की बाटलीतलं घोटभर पाणी प्यायच्या. त्या वर्षी दुष्काळ होता, लॅबचा नळही कोरडाच होता.

त्या दिवशी नमुन्याची डबी घेऊन त्या भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसल्या. परत दिली, तेव्हा आत नुसतं पाणी होतं.

"मावशी, हे काय?" मी चिडलोच.

"लई जोर लावला, थेंब नाय आला. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यावं?"

सवयीनं त्यांनी बाटली तोंडाला लावली. ती रिकामी होती.