उतरत्या अंगाचं माप

आमचं कोथरूडला शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. मे संपत आला की गर्दी सुरू होते आणि जून संपेपर्यंत मान वर करायला फुरसत मिळत नाही. गिऱ्हाईक पिशवी घेऊन निघून जातं, पण त्याचं बोलणं दुकानातच राहतं. शटर ओढताना मी आणि माझे सासरे एकमेकांना "आज ते ऐकलंत ना?" एवढंच म्हणतो आणि हसत सुटतो.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. दुकान त्यांनीच काढलं. आता मापं मी घेते, ते गल्ल्यावर बसतात. तिथे बसून त्यांना बोलायला भरपूर वेळ असतो, आणि तो ते वाया घालवत नाहीत. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे जे किस्से साठलेत, ते बहुतेक सगळे एकाच गोष्टीवरचे आहेत. मुलं रुंद व्हायला लागलीत, आणि आई-वडिलांना ते मान्य नाही!

* * *

पूर्वी कुणी "चौथी, मुलगा" एवढं म्हटलं की अप्पा मागे न बघता फळीवरून शर्ट काढायचे. तो बसायचाच. आता चौथीतल्या एका मुलाचा शर्ट दुसऱ्याच्या दंडातच अडकतो.

आमचे शर्ट सलीमभाई शिवून देतात. एकदा त्यांचा फोन आला. "ताई, ऑर्डरमधे काहीतरी गडबड झालीये. चाळीस नंबरचा शर्ट लिहिलाय आणि खिशाला प्रायमरीचा बिल्ला. हा टीचरचा आहे का?"

"नाही हो, चौथीतल्या मुलाचा आहे."

पलीकडची मशीनची खडखड थांबली. मग सलीमभाई म्हणाले, "मला अडतीस बसतो."

* * *

मापाची पट्टी कमरेला लागली की मागून आईचा आवाज येतोच. "पोट आत घे!" मूल श्वास ओढून घेतं, मी माप लिहिते, आणि दुसऱ्या दिवशी पँट परत येते. बटण लागत नाही म्हणून. मूल श्वास घेतं हो, त्याला काय करणार!

म्हणून मी आता पट्टी लावली की मुलांना बोलतं करते. बोलता बोलता पोट आत धरता येत नाही. एकदा असंच एका मुलाला विचारलं, "डब्यात काय नेतोस रे?" तो खुलला. "सोमवारी नूडल्स, मंगळवारी चीज सँडविच, बुधवारी..." आई घाईघाईनं मधे पडली. "घरचंच असतं हो सगळं. ए, पोट आत घे आधी!"

मुलानं काही पोट आत घेतलं नाही. पण त्याच्यामागे उभे असलेले वडील एकदम ताठ झाले. छाती पुढे, पोट आत, चेहरा लालबुंद!

अप्पांनी गल्ल्यावरूनच सांगितलं, "आपण सोडा श्वास. आपलं माप घेत नाहीयोत."

* * *

एक बाई अडतीसचा शर्ट हातात धरून बराच वेळ घुटमळत होत्या. शेवटी दुकान रिकामं झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, आतलं लेबल तेवढं बदलून द्याल? बत्तीसचं लावा. याचे मित्र कॉलर उलटी करून नंबर बघतात हो." मुलगा बाहेर स्कूटरपाशी उभा होता. मला वाईट वाटलं. शिवणीतलं लेबल उसवून मी बत्तीसचं लावून दिलं.

चार-पाच दिवसांनी दुसऱ्या एक बाई तरातरा दुकानात आल्या, मुलाला पुढे घालून. "तुम्ही याला छत्तीस दिलात! याच्या वर्गातला चिन्मय याच्या दीडपट आहे, आणि त्याला बत्तीस बसतो. मी स्वतः लेबल पाहिलंय. काढा तीस!"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा पंख्याकडे बघत होते.

तीसचा शर्ट त्या मुलाच्या खांद्यावरून खाली उतरेना. बाई म्हणाल्या, "तुमचं कापडच आटतं!"

* * *

गणवेश घेतला की मुलाला एक चॉकलेट द्यायचं, अशी आमच्या दुकानाची पहिल्यापासूनची पद्धत. एका डॉक्टरबाईंनी यावरून अप्पांना चांगलंच सुनावलं. अप्पांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर चॉकलेटच्या बरणीऐवजी फुटाण्यांची बरणी आली.

मुलं तिला हात लावत नाहीत. वडील मंडळी मात्र पाकीट काढता काढता तीनदा मूठ मारतात. बरणी पूर्वीपेक्षा लवकर संपते.

* * *

लोणी काळभोरचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. मुलानं कोथरूडला फ्लॅट घेतलाय, आजोबा गावाहून चार दिवस राहायला आलेले. पांढरी टोपी, अंगानं काटक, पोट म्हणून नाहीच. नातू मात्र गुबगुबीत, तिसरीतला.

मी चौतीसचा शर्ट काढला. मनात धाकधूक, आता हे काय म्हणतात! आजोबांनी शर्ट धरून पाहिला आणि खाली ठेवला. "याच्याहून मोठं दावा."

"आजोबा, हा बरोबर बसतोय."

"आत्ता बसतोय वो. दिवाळीपत्तुर भरंल की पोरगं! खात्यापित्या घरचं हाय."

इतक्या अभिमानानं मोठं माप मागणारं गिऱ्हाईक कितीतरी दिवसांनी पाहिलं. अप्पाही खूश झाले. गप्पा सुरू झाल्या. अप्पांनी विचारलं, "शाळेत कसा जातो हा?"

"गाडी येती ना दारात. चालायला काय गरिबी आलीय व्हय?" आजोबा हसले. मग म्हणाले, "म्या रानातनं अनवाणी जायचो शाळंला. तवाच ठरवलं हुतं, आपल्या पोरानातवांला चालू द्यायचं न्हाई."

आमच्या दुकानाला रस्त्यापासून मोजून तीन पायऱ्या आहेत. जाताना नातू त्या उतरला आणि खालच्या पायरीवर बसला. "आजोबा, रिक्षा बोलवा ना."

त्यांचा फ्लॅट समोरच्या गल्लीत आहे. आजोबांनी एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा नातवाकडे. मग टोपी काढून घाम पुसला.

* * *

गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. बाह्या दुमडायच्या, खाली चांगली दोन बोटं दुमड ठेवायची, आणि तोच शर्ट दोन वर्षं काढायचा. आता उलटी तऱ्हा निघालीये. गणवेश उतरत्या अंगाचा मागतात!

खराडीला आयटीत नोकरी करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन, कानात इअरफोन घालून आले. मीटिंग चालू होती. मधेच आवाज बंद करून मला म्हणाले, "मॅडम, एक साइज लहान द्या. डाएट प्लॅन सुरू केलाय. थ्री मंथ्समधे तो यात फिट होईल. टार्गेट दिलंय त्याला."

अप्पा म्हणाले, "वा! मग तीन महिन्यांनी या. तोपर्यंत हा शाळेत काय घालून जाणार?"

गृहस्थ काही बोलणार, तेवढ्यात कानातून कुणीतरी हाक मारली. "येस, येस, व्हिजिबल आहे स्क्रीन," असं म्हणत त्यांनी लहान साइजच घेतला.

* * *

गार्गीच्या आईनंही या जूनमधे तेच केलं.

गार्गी सहावीत. बालवाडीपासून आमच्याकडे येते. बडबडी, हुशार, दुकानातल्या पाट्या मोठ्यानं वाचून त्यातल्या चुका काढणारी. यंदा तिला अडतीसचा शर्ट लागत होता. आई म्हणाली, "नको, चौतीस द्या. घट्ट झाला की खाताना आठवण राहील." मी समजावून पाहिलं. आई ऐकेना. बाई वाईट नाही हो. स्वतःचं गुडघ्याचं दुखणं, घरात दोघांना मधुमेह. घाबरलेली होती. गार्गी पाटीकडे बघत उभी होती. त्या दिवशी तिनं एकही चूक काढली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मायलेकी परत आल्या. स्पोर्ट्‌ससाठी टी-शर्ट हवा होता. शाळा सुटून थेट आलेल्या, गार्गी गणवेशातच. ट्रायल रूममधे कुणीतरी होतं. तेवढ्यात आईनं माझ्याजवळ मन मोकळं केलं. "काय सांगू तुम्हाला, शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. ही वर्गात हातच वर करत नाही म्हणे. उत्तर येत असतं, पेपरात बरोबर लिहिते, पण विचारलं की मान खाली. गेल्या वर्षी सगळ्यांत आधी हिचा हात असायचा. कॉन्फिडन्सच गेलाय. आता रविवारी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावलाय."

ट्रायल रूम काही रिकामी होईना. आई म्हणाली, "गार्गी, शर्टवरूनच घालून बघ." गार्गीनं टी-शर्ट डोक्यातून घातला, पण बाह्यांत हात न घालता कोपरं अंगाला चिकटवून तशीच उभी राहिली.

"अगं, हात वर कर की नीट!"

गार्गी हलली नाही. मग आईनंच तिचा उजवा हात धरून वर केला. त्यासरशी गणवेशाचा शर्ट वर सरकला, पोट उघडं पडलं. काखेतली शिवण उसवलेली होती, तिथे सेफ्टी पिन लावलेली. गार्गीनं डाव्या हातानं झटकन शर्ट खाली ओढून धरला. इतक्या सवयीनं, की तिनं खाली बघितलंही नाही.

आईनं हात सोडला. "वर्गातपण असंच होतं?"

"मागच्या बाकावरची मुलं हसतात," गार्गी म्हणाली. "म्हणून मी हात वर करत नाही."

आई बराच वेळ पिशवीची चेन उघडझाप करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अडतीस द्या."

एव्हाना ट्रायल रूम मोकळी झाली होती. गार्गी नवा शर्ट घालून बाहेर आली. तेव्हा अप्पा गल्ल्यावरून उठले आणि जुन्या मास्तरांसारखे हात मागे बांधून अख्ख्या दुकानाला उद्देशून म्हणाले, "मुळा-मुठा पुढे कोणत्या नदीला मिळते? येत असेल त्यानं हात वर करावा!"

दुकानातले दोन वडील मोबाइलमधे डोकं घालून बसले. गार्गीनं एकदा शर्टच्या कडेला हात लावून पाहिला. मग तिचा हात वर गेला. सरळ, दंड कानाला टेकवून.

"भीमा!"

"शाबास," अप्पा म्हणाले.

हात तसाच वर. आईनं डोळे पुसले आणि हसून म्हणाली, "अगं, सांगितलंस ना उत्तर. घे आता हात खाली."

गार्गी म्हणाली, "थांब ना आई. राहू दे थोडा वेळ."