पूजेतला पाना

बंडोपंत म्हंजे माये मालक, बरं का. नाव घेतलं म्हणून नाक मुरडू नका, अख्खं सेलू त्यायले असंच म्हणते. सारा जलम शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली. रिटायर झाले आन् व्हरांड्यातल्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. वाढलं तं जेवत, नाई तं रस्त्याकडं पाहत राहत. मले तं धडकीच भरली होती. मंग त्यायनं एक जुनी पांढरी कार घेतली, आन् माणूस हलला.

"हिची सारी कामं मीच करीन," म्हणे.

"अवो, घरचा नळ दुरुस्त होत नाई तुमच्यानं, आन् निघाले गाडी खोलाले!"

आयकतात थोडीच. हत्यारं घ्यायले वर्ध्याले गेले, मी सोबत. दुकानदार किसनरावांनी चमचम करणारी पेटी पुढं सरकवली. एका पेटीत ढीगभर हत्यारं, वर डिस्काऊंट. यायनं ढुंकून पाह्यलं नाई. खिशातून रुमाल काढला, आन् रुमालातून गाडीचा एक नट! मी ब्लाऊजपीस नेऊन मॅचिंग पाह्यते ना, तसा हा माणूस एकेक पाना त्या नटावर बसवून पाहे. "हा सैल हाये. सैल पाना नटाचे कोपरे खाते." किसनरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. शेवटी रिंग पाने, गोटी पान्याचा लहान सेट, एक पक्कड, दोन पेचकस आन् चाकासाठी लांब दांड्याचा पाना, एवढंच घेतलं. थोडं घ्यावं पण पक्कं घ्यावं, हे त्यायचं म्हणणं. मले ते पटलं, पण तोंडावर कोण सांगन?

रविवारी टॉर्च धरायचं काम मायाकडं. "दहाचा दे. बाराचा दे." सुरुवातीले मी चिडू चिडू देत होती, मंग न पाहता हात बरोबर पान्यावर जाऊ लागला.

दसऱ्याले पोरगा आला, सुमीत, पुण्याले नोकरीले हाये. आल्या आल्याच म्हणे, "बाबा, या वयात तुम्ही गाडीखाली झोपता, मले तिकडं झोप लागत नाई. एकदा जरी ही बंद पडली तं मी विकून टाकीन."

हे म्हणाले, "बरं." बस, एवढंच. 

आता आमच्या घरचा नेम असा, की दसऱ्याले हत्यारं पूजेले मांडायची आन् दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाई. यायनं सारे पाने घासूनपुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाह्यलं, झेंडूची फुलं ठेवली. सारे! एकही बाहेर नाई. सायंकाळी माया भावाकडं अल्लीपूरले सोनं द्यायले निघालो. यायनं चाबी फिरवली, तं गाडी नुसती टिकटिक करे.

"बॅटरीचा नट ढिला झाला असन. दहाचा पाना..." आन् हे थांबले. देवघराकडं पाह्यलं आन् मान खाली घातली. बापाच्या वेळचा नेम, मोडवते का?

सुमीतनं मोबाइल काढला. "गाडीचे फोटो घेऊन टाकतो. आजच जाहिरात देतो."

मायं डोकंच सणकलं. देवघरात गेली. "देवा, रागावशीन तं मायावर रागाव," म्हटलं, आन् दहाचा पाना उचलला. पदर खोचला, बोनेट उघडलं, नट आवळला. "फिरवा चाबी!"

गाडी सुरू झाली.

"आई, नेम मोडला ना तू!" सुमीत म्हणे.

"मोडला! आन् तू आयक. गाडी विकशीन तं तुया बाप पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसन. तो खुर्चीतला माणूस मले पाहवत नाई रे."

बोलून गेली, आन् मंग पाह्यलं तं हे मायाकडंच पाहून राह्यले होते. त्यायले वाटे, खुर्चीतलं त्यायचं झुरणं मले कधी समजलंच नाई. सुमीतनं मोबाइल खिशात टाकला आन् गुपचूप मागं जाऊन बसला.

गावाबाहेर पडल्यावर हे हळूच म्हणाले, "पद्मा, पुढच्या दसऱ्याले एक पाना पूजेच्या बाहेर ठेवू."

मागून सुमीत म्हणे, "दोन ठेवा, बाबा."

पुढच्या दसऱ्याले, म्हणे! म्हंजे गाडी घरीच राहणार. अल्लीपूर येईपर्यंत मले ना हसू आवरलं, ना डोळे.