काहून मॅडम

कोणी नमस्कार केला, तरी मॅडम आधी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघत आणि मगच हात जोडत. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे ‘काहून मॅडम’ म्हणायचे. मी त्यांचा संशोधन सहायक. सुट्टी मागितली की पहिला शब्द ‘काहून?’ कारण सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न, “हे खरं कारण आहे, का मले सांगाचं कारण?”

त्यांच्या संशोधनाचा विषयही त्यांना शोभणारा होता. माणसं निर्णय कसे घेतात आणि संगणक त्यात खरंच मदत करतो का, हे त्या शोधत होत्या. धानाचं वाण मोबाइलला विचारून निवडणारे शेतकरी, कोणत्या रोग्याला आधी नागपूरला हलवायचं ते पडद्यावर बघून ठरवणारे डॉक्टर, सगळ्यांकडे आम्ही फिरलो. मॅडम जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. “बाबा सांगत, ज्या पेटीवर सुरक्षित लिहिलं आहे, तिलेच जास्त जपून हात लावाचा,” असं त्या म्हणत.

एकदा एका सरकारी कार्यालयाने पुराचा प्रोग्राम तपासायला दिला. पाणी वाढलं की कोणती गावं आधी हलवायची, हे तो सांगणार होता. करडीकडच्या भागातली नदीकाठची, मासेमारी करणाऱ्या ढीवरांची एक वस्ती त्यात दिसेचना.

“काहून?” मॅडमनी विचारलं.

“लोकसंख्या मोबाइलच्या नोंदींवरून घेतली आहे,” कार्यालयातले साहेब म्हणाले. “तिथली नोंदच नाही.”

“म्हणजे फोन नाही तर माणूस नाही?”

“बाकी सगळं बरोबर आहे ना मॅडम? मग मान्यता देऊन टाका.”

मॅडमनी दिली नाही. काम आमच्याकडून काढून घेतलं गेलं.

मग आम्ही स्वतःच त्या वस्तीत गेलो. मासे विकणाऱ्या सायाबाईचा शब्द तिथे चालायचा. पाणी चढलं की वेळेवर उंचावरच्या शाळेत जा, एवढंच मॅडम सांगत होत्या.

“तुमाले कोनं पाठोलं?” सायाबाईने विचारलं.

“कोणीच नाही.”

“मंग काहून आल्या?”

मॅडमचाच प्रश्न त्यांना विचारणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“आमी एकदा उठलो का जागा गेली,” सायाबाई म्हणाली. “समजते आमाले.”

त्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले. वस्तीकडे एकही गाडी फिरकली नाही. उजाडताच आम्ही पोचलो, तर सायाबाई जागची हलेना. मॅडम सरळ तिच्या खाटेवर जाऊन बसल्या.

“मंग मी बी इथंच बसतो.”

पाणी अंगणात आलं. ह्या बाईचा डाव काय आहे, ते शोधत असल्यासारखी सायाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी तिने बकरी सोडली. “चला रे! हे मास्तरीन आपल्या आंगनात मेली, तर पोलीस आपल्यालेच धरतीन.”

माणसं सगळी वाचली. घरं संध्याकाळपर्यंत वाहून गेली.

पाणी ओसरलं आणि तिथे पाटी लागली : वस्ती करण्यास मनाई. सायाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, “म्हटलं होतं ना?” मॅडमनी मान खाली घातली. परतताना त्या एवढंच बोलल्या, “तिचा संशय खरा निघाला, माझाही निघाला. दोन्ही काय कामाचे?”

संशोधन मागे पडलं. पुढची कित्येक वर्षं मॅडम सायाबाईला घेऊन कचेऱ्यांमध्ये बसल्या, उंचावरचे प्लॉट लोकांच्या नावावर होईपर्यंत. सायाबाई प्रत्येक कागद आधी मॅडमकडून वाचून घ्यायची आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा माझ्याकडून. मॅडमना ते ठाऊक होतं. त्या मुद्दाम चहा घ्यायला बाहेर जायच्या.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. शोकसभेत बुद्धवंदना झाली, प्राध्यापक बोलले. सायाबाई मागे बसली होती. मी तिला बोलायला सांगितलं. ती उठली, फोटोकडे बघत म्हणाली,

“इच्यावर मी कधी भरवसा ठेवला नाही. पन दुसऱ्या कोनासंगं मी कचेरीत गेली बी नाही.”