उसवलेला तळवट

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरताना एक रकाना असा आला की तो रिकामा ठेवून पुढे जाताच येईना. खेळ, कवायत किंवा सेवा योजना, यांतलं एक घ्यायचंच. मला धावता येत नाही, आणि रांगेत उभं असताना कुणी मोठ्याने बोललं की माझे डोळे भरून येतात. उरली सेवा. नांदेडला घरी फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, "झाडं लावतात, फोटो काढतात, परत येतात. काळजी करू नको." बाबा रेल्वेच्या ऑफिसात आहेत, असल्या सक्तीच्या कार्यक्रमांचा त्यांना अनुभव आहे.

मी लातूरला शिकत होते. शाळा इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे मराठी मला कळायची सगळी, पण बोलण्याआधी वाक्य मनात जुळवावं लागायचं. ते जुळेपर्यंत गप्पा पुढे गेलेल्या असत. म्हणून मी गप्प राही. गप्प मुलीला गर्व असतो असं सगळ्यांना वाटतं. मी तो समज कधी मोडला नाही, तो सोयीचा होता.

जानेवारीत सात दिवसांचं शिबिर लागलं, निलंगा तालुक्यातल्या एका गावात. आम्ही मुली शाळेच्या दोन वर्गांत, मुलं समाजमंदिरात. शाळेच्या फाटकावर मोठा फ्लेक्स होता, बारा फूट लांब आणि आठ फूट उंच. त्यावर शिबिराचं नाव आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे अकरा फोटो. काम ठरलं होतं: गावाबाहेरच्या ओढ्यावर पोत्यांचा बंधारा. रिकाम्या पोत्यांत माती भरायची, ती ओढ्यात रचायची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी थांबतं.

आमच्या गटाची प्रमुख नायगावकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी होती. आम्ही सगळ्या तिला 'प्रमुखी' म्हणायचो. आवाज मोठा आणि हात सतत कशात तरी. पहिल्याच दिवशी मी एक पोतं गच्च भरून तोंड बांधलं आणि जरा अभिमानाने बाजूला उभं केलं. तिने ते पायाने ढकललं. ते लोळत ओढ्यात गेलं.

"बघ, पळालं," ती म्हणाली. "पोट भरलेला मानूस एका जागी बसतो का? पाऊण भर. मग ते पसरतंय, दुसऱ्याला चिकटून बसतंय."

मी पाऊण भरलं. ते खरंच बसलं. कुणीतरी मला काहीतरी शिकवलं आणि त्यात माझा अपमान झाला नाही, हे कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं. मी तिच्याकडे नीट पाहायला लागले ती तिथून.

दुसऱ्या दिवशी पोती कमी पडली. शिबिर घेणाऱ्या सरांनी आम्हाला गावात पाठवलं, घरोघर मागून आणा म्हणून. माझ्या वाट्याला गल्लीतलं शेवटचं घर आलं. तिथे पंचेचाळिशीच्या एक बाई राहत होत्या. कर्नाटकातून लग्न होऊन आलेल्या, म्हणून सगळं गाव त्यांना अव्वा म्हणे. नवरा साखर कारखान्यावर कामाला, शेत त्या एकट्याच बघायच्या. त्या डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन निघाल्याच होत्या.

"काय पायजे गं?"

"रिकामी पोती," मी म्हणाले. दोनच शब्द होते, जुळवायला वेळ लागला नाही.

"पडवीत हायत. घे जा." आणि त्या गेल्या.

पडवीत कोपऱ्यात चार-पाच फाटकी पोती होती. आणि त्यांच्या शेजारी, नीट घडी घालून ठेवलेला, पोत्यांचाच मोठा गठ्ठा. उलगडला तर पोती एकमेकांना सुतळीने जोडलेली. मला वाटलं, हरवू नयेत म्हणून शिवून ठेवलीत. मी उंबऱ्यावर बसले, केसांची पिन काढली आणि टाका टाका उसवत गेले. दोन तास लागले. एकही पोतं फाटू दिलं नाही. चोवीस चांगली पोती निघाली, ती फाटक्यांबरोबर नेली. सुतळीसुद्धा मी गुंडाळून खिळ्याला अडकवली, नीटनेटकी.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुणी किती आणली. माझा आकडा सगळ्यात मोठा निघाला आणि माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्या रात्री मला छान झोप लागली, हे सांगायला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी ती पोती भरली गेली आणि ओढ्यात रचली गेली. पाणी तासाभरात चढायला लागलं. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो तेव्हा अव्वा शाळेच्या ओट्याशी आल्या. आमच्या प्रमुखीला म्हणाल्या, "परवा मशीन येनार हाय माझ्या तुरीला. आनि माझा तळवट न्हाई घरात. तुमी पोरी दारादारानं हिंडलालाव, कुनाच्या घरात दिसला का?"

"किती पोत्यांचा?"

"चोवीस. दुहेरी शिवलाय, माझ्या हातानं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मला ठावं हाय कुठं गेला ते. जाऊबाई मागच्या साली मागत होती. आत्ता संक्रांतीला बोलायला लागलो होतो आमी. जाऊ दे."

त्या गेल्यावर मी प्रमुखीला विचारलं की तळवट म्हणजे काय. ती ताटातली भाकरी मोडत म्हणाली, "रास करतानी, म्हंजी मळनी करतानी, खाली अंथरतेत ते. त्याच्यावर धान्य पडतंय. न्हाईतर निम्मी तूर मातीत जाती, आन मग खडे वेचत बस. पोत्याला पोतं जोडून शिवावं लागतंय. पावसाळ्यात बाया तेच करतेत बसून." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "काय झालं गं? कामून जेवून नाही राहिली?"

मी म्हणाले, काही नाही.

दुपारभर मी माती भरली. ओढ्यात कुठलं पोतं अव्वांचं ते मला ओळखू येत होतं. कडेने सुईच्या भोकांची ओळ होती आणि त्या भोकांतून बारीक पाणी पाझरत होतं. बोलले नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. पण अव्वांची तूर मातीत पडणार होती, आणि दोन घरांमधलं दार जे नुकतंच उघडलं होतं ते माझ्यामुळे बंद होणार होतं.

शिबिरात एक रीत होती. रोज सकाळी प्रार्थनेनंतर एका गटाने आदल्या दिवसाचा अहवाल वाचायचा: काय काम झालं, कोण पाहुणे आले, काय चुकलं. 'काय चुकलं' या ठिकाणी सगळे गट लिहायचे, चहाला उशीर झाला. पाचव्या दिवशी आमच्या गटाची पाळी होती. लिहायचं मी, वाचायचं प्रमुखीने, असं ठरलं होतं. मी आदल्या संध्याकाळी कंदिलाच्या आकाराच्या चार्जिंगच्या दिव्याखाली बसून लिहिलं, आणि चहाच्या उशिराच्या जागी सगळं लिहून टाकलं. सकाळी वही तिच्या हातात दिली.

ती उभ्याने वाचत गेली. एकदा वर बघितलं, परत वाचलं. मला वाटलं आता रागवेल. तिने वही परत माझ्या हातात ठेवली.

"हे तू वाच. मी वाचलं तर तुझं वझं मीच उतरवल्यासारखं व्हईल."

"मला नाही जमणार."

"जमंल. हळू वाच. कुणाला कुठं जायची घाई हाय."

ऐंशी मुलं समोर बसलेली. मी वाचलं. दोनदा ओळ चुकले. पोत्यांच्या गोष्टीशी आले तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, "टाळ्या परत घ्या रे." हशा पिकला. प्रमुखी मागे न वळता म्हणाली, "तू काल फावड्याचा दांडा मोडलास, ते लिहिलंय का तुमच्या अहवालात?" मग हसू त्याच्याकडे वळलं.

सरांनी वही घेतली, खाली सही केली, आणि म्हणाले, "चला." आम्ही तिघं अव्वांकडे गेलो.

अव्वा गोठ्यात होत्या. मी सांगितलं. या वेळी वाक्य जुळवलं नाही, जसं येईल तसं सांगितलं. त्यांनी शेणाचे हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता शेजारच्या दारात गेल्या. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा मागे जाऊबाई होती.

"कुठं हायत पोती?" अव्वांनी विचारलं.

आम्ही ओढ्यावर गेलो. पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं, पलीकडून एक म्हैस उतरून निवांत पीत होती. प्रमुखी म्हणाली, "अव्वा, काढायची तर आत्ता काढू. आमी परत रचू."

अव्वा पाण्याकडे बघत राहिल्या. "न्हाई. बसलेलं पानी उठवू ने. पन उद्या मशीन हाय."

गावभर राशी चालल्या होत्या, प्रत्येकाचा तळवट ज्याच्या त्याच्या शेतात. सर म्हणाले, निलंग्याहून प्लास्टिक आणतो. जाऊबाईने मान हलवली, तुरीच्या काड्यांनी ते तासात फाटतं म्हणाली. परत येताना शाळेच्या फाटकाशी अव्वा थांबल्या, वर बघितलं, फ्लेक्सची कड दोन बोटांत चिमटून पाहिली. प्रमुखीनेही पाहिलं आणि मान खाली घातली. परवा समारोप होता. फोटोतले लोक स्वतः येणार होते.

"सर," मी म्हणाले, "हा फ्लेक्स."

सरांनी अकराही फोटोंकडे एकदा पाहून घेतलं. चष्मा काढून पुसला. "शिडी आणा," ते म्हणाले.

दुपारी शाळेच्या पटांगणात तो पालथा अंथरला. चारी कडांना शिबिराच्या स्वयंपाकाची तांदळाची आणि पिठाची रिकामी पोती, आणि ओढ्यावर फाटकी म्हणून टाकून दिलेली, ठिगळं लावून. अव्वांनी तीन दाभणं आणली. सुतळी तीच, मी खिळ्याला गुंडाळून ठेवलेली. प्रमुखीने मला दाभण धरायला शिकवलं: अंगठ्याने ढकलायचं नाही, तळहाताने दाबायचं. तिचा टाका सरळ जाई, माझा नागमोडी. बोटाला दोनदा टोचलं. तिने बघितलं, माझ्याकडचं जाड पोतं स्वतःकडे ओढून घेतलं आणि पातळ माझ्याकडे सरकवलं. मुलांपैकी फावड्यावालाही येऊन बसला. त्याचे टाके आमच्यापेक्षा चांगले निघाले. त्याचे वडील निलंग्यात गाद्या भरतात. तो शेवटपर्यंत शिवत राहिला.

सहाव्या दिवशी मशीन आलं. अंथरताना प्रमुखी म्हणाली, "फोटो वरती करू का अव्वा? सायेब लोकायला तूर दिसंल."

"खाली कर. मोठ्या मानसांच्या तोंडावर कशाला दाना पाडायचा."

तूर पडू लागली. धूळ इतकी की कुणाचा चेहरा दिसेना. ढीग झाल्यावर चारही टोकं उचलून तूर मधे घ्यायची असते. तीन टोकांवर अव्वा, जाऊबाई आणि प्रमुखी होत्या. मी बांधावर उभी होते.

"ए उसवनारे," अव्वांनी हाक मारली, "तिकडं काय थांबलीस? धर की ह्ये टोक."

मी कबूल केल्यापासून त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मी चौथं टोक धरलं. सगळ्यांनी एकदम उचललं, आणि माझी नागमोडी शिवण ताणली गेली, पण सुटली नाही. दाणा मातीत गेला नाही, म्हणजे फार नाही. जाऊबाईने बाजूला सांडलेला मूठभर दाणा वेचून आपल्या ओटीत नाही, अव्वांच्या ढिगात टाकला.

समारोपाला पाहुणे आले. मागे फळ्यावर सरांनी खडूने शिबिराचं नाव लिहिलं होतं, सुंदर अक्षरात. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "आपला बॅनर कुठे आहे?"

"वापरात आहे, साहेब," सर म्हणाले, आणि शेवटचा अहवाल वाचायला माझं नाव घेतलं.